भिंतीचे कान

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्याच्या कौन्सिलाने २०१८ च्या सुमारास वृद्ध व अपंग माणसांच्या घरी 'अलेक्सा' हे बोलके यंत्र ठेवून पाहिले. औषधाची वेळ सांगणे, हात न हलविता दिवा लावणे, एकाकी म्हातारीला बातम्या ऐकविणे ही कामे ते बिनतक्रार करते. अंथरुणाला खिळलेल्या माणसास हे साहाय्य लहान नव्हे. याला नाके मुरडणारांनी त्याच्या उशाशी एक दिवस बसून पाहावे.

परंतु समाजकार्य म्हणजे केवळ सोय पुरविणे नव्हे. कार्यकर्तीपाशी बोललेले तिच्यापाशीच राहील, या भरवशावर तो सारा व्यवहार चालतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या कचेरीत स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, त्याचे बळ तरी दुसरे कोणते? आता छळ सोसणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या घरात हे यंत्र आहे असे समजा. खाते नवऱ्याच्या नावावर, त्याच्याच फोनवर. तिने यंत्राला मदतीचा क्रमांक विचारला, तर तो प्रश्न नोंदला जातो आणि खातेदाराला तो मागाहून सवडीने वाचता, किंबहुना तिच्याच आवाजात ऐकता येतो! अशा घरी मदतीचे साधन म्हणून हे यंत्र पाठविणे म्हणजे पाळतीवर माणूस बसविणेच होय.

शिवाय ऐकणारा नवरा एकटाच नाही. मुलांच्या आवाजाच्या नोंदी बेकायदा ठेवल्याच्या आरोपावरून अॅमेझॉन कंपनीने अमेरिकेत २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर दंड मान्य केला. काही यंत्रांवर आवाज कंपनीकडे न पाठविण्याची सवलत होती, तीही मार्च २०२५ मध्ये काढून घेण्यात आली.

आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यात संमतीला मान आहे. मात्र शासकीय लाभ देताना काही प्रसंगी नव्या संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा शासनाला आहे. आणि ज्याची भाकरीच मदतीवर अवलंबून, त्याची संमती कितपत स्वखुशीची?

म्हणून कोणत्याही खात्याने वा संस्थेने अशी यंत्रे वाटण्यापूर्वी खाते कोणाच्या नावावर, नोंदी किती दिवस राहणार, त्या कोण ऐकणार, हे मराठीत लेखी द्यावे. यंत्र नाकारणाऱ्याची मदत थांबणार नाही, अशी हमी त्यात हवी. आणि गृहभेटीस गेलेल्या कार्यकर्तीला बोलणे सुरू करण्यापूर्वी त्या यंत्राची वायर काढण्याचा अधिकारही त्यात नमूद असावा.