भुतांचे कायदे

सांप्रत आमच्या विद्यार्थ्यांमध्यें एक वाद मोठ्या हिरिरीनें चाललेला ऐकूं येतो. ‘स्टार वॉर्स’ ह्या अवकाशांतील अद्भुतकथेच्या चित्रपटमालेंत मृत वीर निळसर प्रकाशाच्या रूपानें परत येतात. तीं भुतें कोणत्या नियमानें चालतात, हा तो वाद. घरचीं वडील माणसें हा रिकामटेकडा उद्योग म्हणून नाक मुरडतात. आमचें मत तसें नाहीं.

प्रथम वाद काय तो पाहूं. १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटांत ओबी-वान केनोबी हा वृद्ध योद्धा शत्रूच्या वारानें पडतो, तेव्हां त्याचा देह नाहींसा होऊन केवळ झगा उरतो व पुढें त्याचा आवाज शिष्यास मार्ग दाखवितो. परंतु १९९९ सालच्या चित्रपटांत त्याचेच गुरु क्वाय-गॉन मरतात, त्यांचा देह मात्र चितेवर जाळावा लागतो. असें कां? २००५ सालच्या चित्रपटांत उत्तर मिळालें कीं, अमरत्वाची वाट क्वाय-गॉन यांनींच मागाहून शोधिली. पण तेवढ्यानें भागेना. ॲनाकिन तर ती विद्या कधीं शिकलाच नव्हता. मग १९८३ सालच्या चित्रपटाच्या अखेरीस तो त्या पंक्तींत कसा? शिवाय २००४ सालच्या आवृत्तींत वृद्ध नटाच्या जागीं तरुण नट आला, तेव्हां भुताचें वय कोणतें हा नवाच प्रश्न उभा राहिला. कोणी म्हणतात, मनुष्य अखेरचा सन्मार्गावर होता तें वय. २०१७ सालच्या चित्रपटांत तर योडाचें भूत वीज पाडून झाड जाळतें. मग ती वीज शत्रूवर कां पडली नाहीं, ह्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप कोणी दिलेलें नाहीं!

वाचकहो, हें शास्त्र आपल्या किनाऱ्यास नवीन नाहीं. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं कोंकणांतील शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. १९०९ सालीं नाशिक येथें जॅक्सन यांचा वध झाला. पुढें ती सामग्री एन्थोवेन यांनीं १९१५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तींत कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात त्या आपल्याच जिल्ह्यांतील, गांवोगांवच्या मास्तरांचीं उत्तरें आहेत. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीं वारला तो मुंजा, त्याचा वास पिंपळावर. पाण्यांत बुडून मेला तो गिऱ्हा, तो खाडींत अगर विहिरींत राहणार. निपुत्रिक व धनलोभी, ज्याचें श्राद्ध करण्यास कोणी नाहीं, तो समंध. स्वतःच्या ठेव्यावर तो दुसऱ्यास हात लावूं देत नाहीं. ह्या सर्वांवर अंमल वेताळाचा. एखाद्या संस्थानाचा कारभार असावा तशी ही व्यवस्था आहे!

आणि बाळंतपणांत मेलेली ती हडळ. तिनें परत येऊं नये म्हणून प्रेतामागें वाटेवर राळे टाकीत व उंबऱ्यांत खिळा ठोकीत. आमच्या मतें हा नियम सर्वांत विचार करण्याजोगा आहे. ती कोणत्या वाटेनें परतेल ह्याचा एवढा बारकाईनें विचार करणाऱ्या समाजानें, ती मेली कां, हें मात्र फारसें विचारलें नाहीं. तिची भीति वाटली. तिच्यामागून त्याच खोलींत बाळंत होणाऱ्या दुसरीची काळजी कोणी केली नाहीं.

येथेंच चित्रपटाच्या रसिकांत व भगतांत फरक पडतो. दोघांचीही युक्ति एकच: नियम चुकला कीं तो न टाकतां त्यास पोटनियम जोडावयाचा. गंडा बांधूनही ताप उतरला नाहीं, तर भूत अधिक बळकट निघालें. कोंबडें देऊनही गुण नाहीं, तर तें काळें नव्हतें. रसिकाचा तर्क फसला तर फार तर मित्र हंसतील. भगताचा तर्क फसला तर त्याची किंमत तापानें फणफणलेली सून देते. तिलाच बांधतात, तिलाच मिरच्यांची धुरी देतात.

ह्या प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं अनेक वर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत तो कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें किंवा साखळदंडानें बांधणें, तसेंच साप, विंचू, कुत्रा चावलेल्या रोग्यास औषधोपचारापासून रोखणें, हे त्यांत गुन्हे ठरले असून सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. विंचवाचें नांव कायद्यांत आलें तें उगीच नव्हे. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तांबड्या विंचवाच्या दंशानें मरणाऱ्या रोग्यांजवळ बसून नाडी व रक्तदाब मोजला, प्राझोसिन हें औषध देऊन पाहिलें, आणि १९८६ सालीं तें ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा ३० ते ४० दगावत. तें प्रमाण पुढें सुमारें एकावर आलें. त्यांचाही आरंभीं तर्कच होता. पण तो खोटा ठरूं शकेल अशा रीतीनें त्यांनीं मांडला होता.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, योडाच्या विजेचा वाद खुशाल चालूं द्या. पालकांनींही त्यास आडकाठी करूं नये. मात्र येत्या सुट्टींत आणखी एक काम करा. आजी-आजोबांपाशीं बसून आपल्या गांवचा मुंजा कोणत्या पिंपळावर, गिऱ्हा कोणत्या विहिरींत, हें विचारून वहींत उतरून घ्या. आणि जमल्यास हेंही विचारा कीं, तो मुलगा कोणत्या दुखण्यानें गेला व त्या विहिरीस कठडा केव्हां बांधला.