मे महिन्यात कोकणात उष्णतेची लाट का नसते?

प्रति,
भारतीय हवामान विभाग (पुणे आणि कुलाबा कार्यालये),
राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
जिल्हाधिकारी, पालघर, ठाणे आणि रायगड

महोदय,

उन्हाळ्याचा आपला पहिला अंदाज फेब्रुवारी संपता संपता येतो आणि एप्रिल ते जूनचा दुसरा मार्चअखेरीस. देशाचा नकाशा, त्यावर पिवळे-तांबडे पट्टे, आणि खाली कुठे तापमान सरासरीच्या वर राहण्याची शक्यता आहे, उष्णतेच्या लाटेचे दिवस कुठे वाढतील याचा हिशेब. आम्ही उत्तर कोकणातले लोक त्या नकाशात आपला किनारा शोधतो. तो असतो ‘कोकण आणि गोवा’ या एकाच उपविभागात, डहाणूपासून थेट काणकोणपर्यंत. गुजरातच्या सीमेला टेकलेल्या डहाणूचा उन्हाळा आणि काणकोणचा उन्हाळा एक नाही, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण माझी मुख्य तक्रार नकाशाच्या रेषांबद्दल नाही, निकषाबद्दल आहे.

किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर करायची तर कमाल तापमान किमान ३७ अंश हवे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवे. मुंबईच्या परिसरात मार्चपासून मेपर्यंत दुपारची सरासरी ३३ अंशांच्या आसपास रेंगाळते. म्हणजे पारा ३८च्या घरात गेल्याशिवाय लाट नाही. मार्चमध्ये तो जातो. पूर्वेकडून, घाटावरून कोरडे तापलेले वारे उतरतात, एरवी अकरा-बाराच्या सुमारास येणारे खारे वारे दोन वाजले तरी आत शिरत नाहीत आणि मधल्या दोन-तीन तासांत पारा चढत जातो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला २८ मार्च १९५६चा ४१.७ अंश आणि १४ एप्रिल १९५२चा ४२.२ अंश हे उच्चांक पाहा. दोन्ही मे उजाडण्याच्या आधीचे. २०२५ साली तर फेब्रुवारीतच सांताक्रूझला ३८.७ अंशांची नोंद झाली आणि आपल्याला मुंबईसाठी लाटेचा इशारा द्यावा लागला.

मे महिन्यात मात्र खारे वारे वेळेवर येतात. पारा ३४-३५ला अडतो आणि कागदावर आम्ही सुखात असतो. त्याच वाऱ्याबरोबर समुद्राची सगळी वाफ घरात शिरते. घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता एकत्र आली की उष्मा निर्देशांकाच्या हिशेबात अंगाला जाणवणारा उकाडा ४५ अंशांच्या पुढे जातो. हा हिशेब आपल्याला शिकवण्याचे कारण नाही. २०२३पासून आपण स्वतःच प्रायोगिक तत्त्वावर असा निर्देशांक प्रसिद्ध करता. ‘उष्ण आणि दमट हवामान’ असा इशाराही देता, आणि तो उपयोगी आहे. पण त्याची गणती लाटेत होत नाही, आणि यंत्रणा हलते ती ‘लाट’ या शब्दावर.

रात्रीचे तर विचारूच नका. ‘उष्ण रात्र’ ठरवण्याचा आपला नियम असा की, दिवसाचे कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त असेल तरच रात्रीचा विचार करायचा. किनाऱ्यावर मेमध्ये चाळिशी सहसा गाठली जात नाही, म्हणून आमच्या रात्री नियमानुसार उष्ण ठरतच नाहीत. नालासोपाऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत पाच माणसे २८ अंशांत, दमट हवेत, वीज गेलेली असताना पहाटेची वाट पाहत बसतात त्या रात्रीही. (नियम करणाऱ्याने हे वाक्य विदर्भ डोळ्यांसमोर ठेवून लिहिले असावे, आणि विदर्भापुरते ते बरोबरच आहे.) दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री उसंत मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन दुप्पट भारी पडते.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यात उन्हाने १४ माणसे गेली. त्या दिवशीही आसपासचा पारा चाळिशीच्या आतच होता. त्यानंतर भर दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत असे शासनाने सांगितले. चांगले केले. पण सोहळे वर्षातून दोन-चार होतात, वीटभट्ट्या रोज चालतात.

जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधली कुटुंबे दिवाळीनंतर बयाणा, म्हणजे मजुरीची उचल, घेऊन भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांवर उतरतात आणि पहिल्या पावसापर्यंत तिथेच राहतात. मजुरी हजार विटांमागे. दुपारी काम थांबवा असा सल्ला मोबाइलवर आला, तरी थांबलेल्या तासांच्या विटा कोणाच्या खात्यावर पडणार? बयाणा तर फेडायचाच असतो. भरपूर पाणी प्या आणि सैल सुती कपडे घाला, हे वाचून भट्टीवर विटा पाडणाऱ्या बाईने काय करावे असे आपल्याला वाटते? जिल्हाधिकारी महोदय, हा प्रश्न हवामान विभागाला नाही, आपल्याला आहे.

किनाऱ्यावरच्या दुसऱ्या माणसांना ऊन नको असे नाही, उलट हवेच असते. सातपाटी, अर्नाळ्याला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतात ते मेच्या उन्हावर आणि वाऱ्यावर. मिठागरातले मीठ पिकते तेही त्यावरच. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, विक्री याच दिवसांत होते. त्यांना उन्हाळ्याच्या अंदाजातून एकच गोष्ट कळायला हवी असते: पाऊस कधी येऊन आटपायला लावणार. २०२५ साली आपल्या अंदाजात देशाच्या बहुतांश भागाला सरासरीपेक्षा जास्त उष्मा होता, आणि मे आला तो पाऊस घेऊनच. मुंबईत मॉन्सूनची नेहमीची तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजी दाखल झाला. वलांडीवरची मासळी भिजली, मिठागरांत पाणी भरले. यात आपल्याला दोष देणे अन्यायाचे होईल. तीन महिन्यांचा अंदाज शक्यतेची भाषा बोलतो, आणि अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र कधी तयार होईल हे मार्चमध्ये कोणी सांगू शकत नाही. मात्र दर गुरुवारी येणारा आपला दोन-तीन आठवड्यांचा विस्तारित अंदाज अशा वेळी खरा कामाचा असतो, आणि तो मच्छीमार सहकारी संस्थांच्या फलकावर मराठीत लागलेला मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून मागणे असे आहे. हंगामी अंदाजात उत्तर कोकण वेगळे दाखवा, आणि लाटेच्या दिवसांशेजारी दमट उष्म्याच्या दिवसांचा व उबदार रात्रींचाही रकाना ठेवा. उष्मा निर्देशांक प्रयोगातून बाहेर काढून किनाऱ्याच्या इशाऱ्याचा आधार करा. मग मे महिना आपोआप हिशेबात येईल. इशाऱ्याच्या नकाशात पालघरला एकच रंग देऊ नका, कारण त्या एका जिल्ह्यात डहाणूचा समुद्रही आहे आणि मोखाड्याचा डोंगरही. जूनअखेरीस एक पानभर मराठीत लिहा: काय सांगितले होते, काय झाले. अंदाज चुकला तर लोक रागावतील ही भीती नको. बोंबील वाळवणाऱ्या माणसाला अंदाज चुकणे नवीन नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या आभाळाशीच व्यवहार करत आला आहे.

आणि तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना: दमट उष्म्याचा नारंगी इशारा आला की वीटभट्टी, बांधकाम आणि मिठागरावरचे दुपारचे काम थांबवण्याचा आदेश कोण काढणार, तो मोडला तर दंड कोण करणार आणि बुडालेल्या तासांची मजुरी मालकाकडून कोण वसूल करणार, हे येत्या मार्चच्या आधी जाहीर करा. जाहीर करताना नुसते ‘संबंधित विभाग’ असे लिहू नका. अधिकाऱ्याचे पदनाम, तालुका आणि फोन क्रमांक लिहा.

आपला,
उत्तर कोकणातला एक रहिवासी