शाळा बंद पडल्या म्हणजे

शाळेला कुलूप लागलें म्हणजे मुलांना सुटी मिळाली, अशी जी आमच्या समाजाची सर्वसाधारण समजूत आहे, तिचें मोल आमच्या मुलांनीं गेल्या कांहीं वर्षांत फार मोठें दिलें आहे. सुटी ठरलेल्या दिवशीं लागते व ठरलेल्या दिवशीं संपते. तिच्या आधीं परीक्षा झालेली असते व तिच्यानंतर मूल वरच्या वर्गांत जाऊन बसतें. परंतु रोगाची साथ, महापूर किंवा भूकंप ह्यांमुळें शाळा बंद होते तेव्हां ती केव्हां उघडेल हें मास्तरांसही ठाऊक नसतें. अशा बंदीला सुटी म्हणणें म्हणजे दुकान जळालें असतां ‘आज आमची पेठ बंद आहे’ असें सांगण्यासारखें आहे. दुकान जळालें तर धनी दुसऱ्या दिवशीं हातगाडीवर माल मांडतो. मुलांच्या शिक्षणाची अशी हातगाडी आम्ही कां मांडीत नाहीं, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या साथीमुळें राज्यांतील शाळा बंद झाल्या, तेव्हां पंधरा दिवसांत, फार तर महिन्याभरांत त्या उघडतील असें आम्हां सर्वांस वाटलें होतें. प्रत्यक्षांत नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास २३ नोव्हेंबर २०२० हा दिवस उजाडावा लागला. पांचवी ते आठवीच्या मुलांस २७ जानेवारी २०२१ पर्यंत थांबावें लागलें. आणि हे वर्ग जेमतेम सुरू होतात तोंच दुसरी लाट येऊन पुनः कुलपें लागलीं. ग्रामीण भागांतील पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गांत बसण्याची मुभा सरकारनें दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून, आणि पुढच्याच महिन्यांत ती कांहीं काळ पुनः काढून घ्यावी लागली. म्हणजे जून २०२० मध्यें ज्या मुलाचें नांव पहिलीच्या पटावर चढलें, तें मूल वर्गांत पहिल्यानें बसलें तेव्हां दुसरीचें अर्धें वर्ष उलटून गेलेलें होतें. अक्षरांशीं ओळख व्हावयाचा सारा काळ त्यानें ओसरीवर काढला.

ह्याचा परिणाम काय झाला तें आंकड्यांवरून पाहूं. ‘प्रथम’ ह्या संस्थेची ‘असर’ नांवाची पाहणी प्रसिद्ध आहे. तिच्याप्रमाणें ग्रामीण भारतांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं शेंकडा २७.३ होतीं, तीं २०२२ सालीं शेंकडा २०.५ वर आलीं. त्याच अवधींत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची पटावरील नोंद मात्र शेंकडा ९७.२ वरून ९८.४ वर गेली. म्हणजे पटावर नांवें वाढलीं आणि वाचन घटलें! २०२४ च्या पाहणींत तिसरीचा आंकडा २७.१ पर्यंत पुनः चढला ही समाधानाची गोष्ट आहे, आणि तीबद्दल शिक्षकवर्ग अभिनंदनास पात्र आहे. परंतु सरासरी भरून आली म्हणून प्रत्येक मुलाची तूट भरून आली असें नव्हे. आमच्या व्यापारी वाचकांस हें सांगावयास नको. पेढीचा ताळेबंद जुळला तरी बुडीत खातीं बुडीतच राहतात. २०२२ सालीं तिसरींत अडखळलेलें मूल २०२४ च्या त्या आंकड्यांत नाहींच; तें पुढच्या वर्गांत गेलें, आणि तेथें तें सांवरलें कीं नाहीं हें त्या आंकड्यावरून कळत नाहीं.

कोणी म्हणेल, असली साथ शतकांतून एकदां येते. ती आली व गेली. आतां तिची उजळणी कशाला? हा आक्षेप निदान आमच्या जिल्ह्यानें तरी घेऊं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटें झालेल्या किल्लारीच्या भूकंपांत आपल्या जिल्ह्यांतील सास्तूरसारखीं गांवें जमीनदोस्त झालीं. त्या वेळीं लातूर व उस्मानाबाद (आपल्या जिल्ह्याचें तेव्हांचें नांव) ह्या दोन जिल्ह्यांतील सुमारें बाराशें मुलांना भारतीय जैन संघटनेनें शिक्षणासाठीं पुण्यास नेलें. सप्टेंबर २०२५ मध्यें परंडा व भूम तालुक्यांत नद्यांचें पाणी घरांत शिरलें आणि धान्याबरोबर मुलांचीं दप्तरेंही भिजलीं. ह्यांखेरीज एक बंदी अशी आहे कीं जिला कोणी बंदी म्हणतच नाहीं. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम ह्या भागांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात, आणि त्यांबरोबर लहान मुलेंही कारखान्यांच्या फडांवर जातात. गांवांत शाळा उघडी असते. पण त्या मुलांपुरती ती चारपांच महिने बंदच असते. अशा मुलांना गांवींच ठेवून घेण्यासाठीं हंगामी वसतिगृहांची योजना सरकारनें केली आहे; तिचा लाभ आपल्या गांवांतील किती मुलांस मिळतो, ह्याची चौकशी गांवकऱ्यांनींच करावयाची आहे. तात्पर्य, बंद शाळा हा आमच्याकडे अपवाद नसून वारंवार येणारा प्रसंग आहे, आणि वारंवार येणाऱ्या प्रसंगाची तयारी न ठेवणें ह्यास दैव म्हणत नाहींत, गाफीलपणा म्हणतात.

साथीच्या दिवसांत सरकारनें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ह्या नांवाची अभ्यासमाला निघाली. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ हा कार्यक्रम सुरू झाला. १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतु अभ्यासक्रमही योजिला गेला. पुष्कळ शिक्षकांनीं वाड्यावस्त्यांवर पायीं जाऊन झाडाखालीं मुलें बसविलीं. परंतु वाहिनीवरचा पाठ काय किंवा मोबाइलवरचा पाठ काय, घराच्या उंबरठ्यापर्यंतच येतो. उंबरठ्याच्या आंत त्यास मुलाच्या हातीं देणारें कोणी तरी माणूस लागतें. ज्या घरीं एकच मोबाइल, तो सकाळीं बापाबरोबर शेतांत किंवा बाजारांत जातो, आणि रात्रीं परत येतो तेव्हां मूल झोपलेलें असतें. ज्या घरीं मोबाइल दिवसभर मुलाच्या हातीं राहिला, तेथेंही सारेंच साधलें असें नाहीं; त्यावर पाठाची जागा खेळानें व तमाशानें केव्हां घेतली हें आईबापांस कळलेंही नाहीं. यंत्र दिलें म्हणजे कर्तव्य संपलें, ही सुशिक्षितांची समजूत अशिक्षितांच्या अनास्थेइतकीच घातक आहे, असें आम्हांस स्पष्ट सांगणें भाग आहे.

‘आम्ही स्वतः शिकलेले नाहीं, मुलांना काय शिकविणार?’ असा प्रश्न पुष्कळ आईबाप करतात. तो प्रामाणिक आहे, आणि त्यास आमचें उत्तर असें कीं धडा शिकविणें हें तुमचें काम नव्हेच. धड्यापाशीं मूल बसविणें हें तुमचें काम आहे. रोज ठरलेल्या वेळीं, ठरलेल्या जागीं, एक तास मूल बसेल एवढें पहावें. त्यानें मोठ्यानें वाचावें आणि आईनें भाकरी थापतां थापतां ऐकावें. वाचून झाल्यावर ‘ह्यांत काय आलें तें मला सांग’ एवढेंच विचारावें. जी आई स्वतः वाचूं शकत नाहीं, तिला समजावून सांगतांना मुलाचा धडा अधिक पक्का होतो. गणित तर आमच्या प्रत्येक घरीं व दुकानीं भरलेलें आहे. ज्वारीची मापें, दुधाचा रतीब, किराण्याची उधारी, कापडाची लांबी, व्याजाची आकारणी ह्यांपेक्षां चांगलें अंकगणित कोणत्या पुस्तकांत आहे? दुकानदारानें आपल्या मुलास दिवसाकाठीं दहा मिनिटें वही घेऊन शेजारीं बसवावें आणि बेरीज त्याच्याकडून करून घ्यावी. आजीनें गोष्ट सांगावी आणि नातवानें ती लिहून काढावी. ह्या गोष्टींस पैसा लागत नाहीं, नेम लागतो.

मुलांच्या मनाची गोष्ट ह्याहूनही नाजूक आहे. साथीच्या काळांत मुलांनीं काय पाहिलें? बापाचा रोजगार गेलेला पाहिला, घरांतील माणूस दवाखान्यांत गेलें व परत आलें नाहीं असें पाहिलें, आणि ज्यांच्याशीं मन मोकळें करावें ते सोबती भेटेनासे झाले. पुराच्या रात्रीं छपरावर बसलेल्या मुलाचीही हीच अवस्था असते. असें मूल एकाएकीं हट्टी होतें, रात्रीं दचकून उठतें किंवा मुळींच बोलेनासें होतें. आणि आम्ही त्याला ‘अभ्यास सोडून वांडपणा करतो’ म्हणून मारतों. हें अगदीं उलटें आहे. भ्यालेल्या मुलास आधीं जवळ घ्यावें, तें काय म्हणतें तें पुरतें ऐकावें, त्यास खरें तें त्याच्या समजुतीप्रमाणें सांगावें, आणि जेवण, झोंप व खेळ ह्यांच्या वेळा शक्य तितक्या पूर्ववत् कराव्या. मन स्थिर झाल्यावांचून अक्षर डोक्यांत शिरत नाहीं. आणि पोटाचें काय? शाळेंतील दुपारची खिचडी हें कित्येक मुलांचें दिवसांतील भरवंशाचें जेवण असतें. साथींत शिजविलेल्या अन्नाऐवजीं कोरडा शिधा पालकांस दिला गेला. पण घरांत खाणारीं तोंडें सहा असलीं म्हणजे मुलाच्या वांट्यास त्यांतलें किती येतें, हें सांगावयास नको.

सर्वांत मोठी झळ लागते ती मुलींस. मुलगा घरीं राहिला तर तो ‘मोकळा’ असतो. मुलगी घरीं राहिली तर ती ‘हाताशीं’ असते. धाकटें भावंड तिच्या कडेवर, पाणी तिच्या डोक्यावर, चूल तिच्यापुढें. आणि वर्षभर शाळा बंद राहिली कीं नातेवाईक म्हणूं लागतात, ‘आतां कशाला ठेवतां घरांत? थोडक्यांत उरकून घ्या.’ अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह २००६ च्या कायद्यानें गुन्हा आहे हें सर्वांस ठाऊक आहे. तरीही मोजक्या माणसांत, दारापुढें मांडव न घालतां असे विवाह उरकले जातात, आणि अक्षता टाकावयास गांवांतील प्रतिष्ठित मंडळीच हजर असतात! बुडालेला धडा पुढच्या वर्षीं भरून काढतां येतो. चौदाव्या वर्षीं सासरीं धाडलेली मुलगी वर्गांत परत येत नाहीं. ज्यांना आमचें बाकीचें सारें म्हणणें पटणार नाहीं, त्यांनीं निदान एवढें करावें कीं शाळा बंद असतांना ठरलेल्या अशा लग्नाच्या पंगतीस जाऊं नये.

आतां समाजानें मिळून काय करावें? ह्याचें उत्तर शोधण्यास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. लोहारा तालुक्यांतील हिप्परगा येथें १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. निजामी राजवटींत खाजगी शाळेकडे सरकार संशयानें पाहत असे. तरीही एका आडवळणाच्या गांवांत लोकांनीं ती चालविली, आणि १९२९ सालीं तिला जे मुख्याध्यापक लाभले तेच पुढें स्वामी रामानंद तीर्थ म्हणून साऱ्या हैदराबाद संस्थानास वंदनीय झाले. सरकार प्रतिकूल असतां ज्या जिल्ह्यानें शाळा उभी केली, त्या जिल्ह्यास सरकार अनुकूल असतां चार महिने आळीतील मुलें सांभाळतां येऊं नयेत काय? शेजारच्या सोलापुरांत नीलमनगर ह्या कामगारवस्तींत साथीच्या दिवसांत शिक्षकांनीं घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगविले. मुलें दूरदूर उभीं राहून तीं अक्षरें वाचीत. भिंत तीच, घर तेंच. फक्त ती मुलांच्या उपयोगीं पडावी असें कोणाच्या तरी मनांत आलें.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक आळींत दहा मुलांमागें एक शिकलेलें माणूस आजच नेमून ठेवावें. मग तो पेन्शनीत निघालेला कारकून असो, कॉलेजांत जाणारी मुलगी असो, कीं दुकानाचा मुनीम असो. बसावयाची जागा ठरवावी: मंदिराचा सभामंडप, मशिदीचें अंगण, वाचनालयाचा ओटा, जी ज्या आळीस सोयीची असेल ती. साथ असली तर मुलें थोडीं थोडीं व मोकळ्या हवेंत बसवावीं. तुळजापूर, उमरगा, कळंब येथील व्यापारी मंडळींनीं वह्या, पाट्या व जुनीं पाठ्यपुस्तकें ह्यांचा एक सांठा बाजूस ठेवावा, म्हणजे पुरांत दप्तर गेलेल्या मुलास आठ दिवसांत दुसरें मिळेल. आणि परक्याच्या चौदा वर्षांखालील मुलास ‘शाळा बंदच आहे’ ह्या सबबीवर कोणीही दुकानांत कामास ठेवूं नये; तो कायद्यानें गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तो अन्यायच ठरला असता. शाळेच्या मास्तरांनीं आठवड्यांतून एकदां ह्या ओट्यांवर फिरून कोणतें मूल दिसत नाहीं तें पहावें, आणि जें दिसत नाहीं त्याच्या घरीं जावें.

ह्यांत शाळेची जागा घेण्याचा हेतु नाहीं. घरीं शिकतां येतें तर शाळा कशास, असा निष्कर्ष जर कोणी ह्यावरून काढील तर तो आमच्या म्हणण्याचा विपर्यास करील. ओट्यावरचा तास हा शाळेंतील पांच तासांचा पर्याय नव्हे. शाळा उघडेल त्या दिवशीं मुलानें आपण होऊन तिकडे धांव घ्यावी, एवढ्यासाठींच तो आहे. पुढील बंदी कोणत्या रूपानें येईल हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण पावसाळा दर वर्षीं येतो आणि ऊसतोडीच्या गाड्याही दर वर्षीं निघतात. तेव्हां पुढील गाडी निघण्यापूर्वीं आपल्या आळींतील ओटा झाडून ठेवावा व त्यावर बसणाऱ्या दहा मुलांचीं नांवें लिहून काढावीं, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.