क्सेनिया : परकी कीं पाहुणी ?

नांवें आपण रोज उच्चारतों. परंतु त्यांच्या पोटीं कोणता अर्थ दडला आहे, याचा विचार क्वचितच करतों. रशियांतील मुलींचें ‘क्सेनिया’ हें नांव या दृष्टीनें मनन करण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें.

हें नांव मूळचें रशियन नव्हे. इ. स. ९८८ च्या सुमारास कीव्हचा राजा व्लादिमीर यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो ग्रीक भाषा बोलणाऱ्या बायझंटाइन साम्राज्याकडून. धर्माबरोबर ग्रीक नांवेंही आलीं व लोकांच्या जिभेवर रुळलीं. रशियन खेडुतांनीं क्सेनियाची ‘अक्सिन्या’ केली; युक्रेनमध्यें ती ‘ओक्साना’ झाली.

ग्रीक भाषेंत ‘क्सेनोस’ म्हणजे परका; आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा ! ‘क्सेनिया’ म्हणजे आतिथ्य. होमरच्या ‘ओडिसी’ काव्यांत दारीं आलेल्यास आधीं जेवूं घालून मग त्याचें नांवगांव विचारण्याचा परिपाठ दिसतो. उलट, परक्यांविषयींच्या भीतीला व द्वेषाला ‘झेनोफोबिया’ हें जें इंग्रजी नांव आहे, तेंही याच शब्दापासून झालेलें आहे.

एकाच मुळाला इतकीं भिन्न फळें कशीं लागावीं ? आमच्या मतें उत्तर सोपें आहे. उंबरठ्याबाहेर उभा असलेला मनुष्य परका राहतो कीं पाहुणा होतो, हें त्याच्यावर नव्हे, तर दार उघडणाऱ्यावर अवलंबून असतें. मराठींत या दोहोंना निराळे शब्द आहेत. म्हणून एकापासून दुसऱ्यापर्यंतचें पाऊल आपणांस जाणूनबुजून टाकावें लागतें.

अठराव्या शतकांत सेंट पीटर्सबर्ग शहरांत क्सेनिया नांवाची एक विधवा होऊन गेली. पतिनिधनानंतर आपलें सर्वस्व वांटून टाकून तिनें रस्त्यांवर आयुष्य काढिलें, असें सांगतात. १९८८ सालीं रशियन चर्चनें तिला संतपद दिलें. जिच्या नांवांतच आतिथ्य, तिलाच घर नव्हतें ! तिला दारीं पाहून कित्येकांनीं तोंड फिरविलें असेल, कित्येकांनीं भाकर दिली असेल.

बालमित्रांनो, तुमच्या वर्गांत दुसऱ्या गांवाहून, दुसरी बोली बोलणारा मुलगा येतो, तेव्हां बांकावर सरकून त्यास जागा देतां ना ? पालकहो, तो घरीं आला तर त्याची जात-पात पुसण्याआधीं त्यास पाणी देतां ना ? क्सेनिया हें नांव आपल्याकडे कोणी मुलीस ठेवणार नाहीं. परंतु त्याचा अर्थ आपल्या घरांत अवश्य ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.