गणपतीच्या तिकिटाची सोडत काढा

गणपतीला कोकणात जायचं तर रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. आमच्या खोपोली-कर्जतकडे नोकरीधंद्याला येऊन स्थायिक झालेली रत्नागिरी-सिंधुदुर्गची बरीच कुटुंबं आहेत. गाडी पनवेलला पकडायची, पण आधी तिकीट मिळायला हवं ना! आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसायचं, नावं-वय भरायची, कॅप्चा टाकायचा, आणि पैसे भरेपर्यंत वेटिंग. मग कुणीतरी सांगतो, "वर थोडे द्या, कन्फर्म देतो."

आपली बोटं नावं टाईप करतात तोवर दलालाच्या सॉफ्टवेअरने अख्खा फॉर्म भरलेला असतो. तत्काळ बुकिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत निम्म्यापर्यंत लॉगिन बॉटचे असतात, हे जून २०२५ मध्ये खुद्द रेल्वेनेच सांगितलं. अडीच कोटी संशयास्पद आयडी बंद केल्याचंही सांगितलं.

उपाय झालेच नाहीत असं नाही. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची झाली. एजंटांना पहिला अर्धा तास बंदी आली. १ ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाच्या पहिल्या १५ मिनिटांनाही आधार लागू झालं. ई-तिकिटांचा काळाबाजारही रेल्वे कायद्याच्या कलम १४३ मध्ये येतो, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

हे सगळं हवंच. पण "जो आधी क्लिक करेल त्याला तिकीट" हा नियम आहे तोवर वेग विकणारे राहणारच. आधार जोडलेला आयडीही दुसऱ्याच्या हातात देता येतो.

म्हणून माझं म्हणणं, गणपती स्पेशल गाड्यांची सोडत काढा. म्हाडाच्या घरांची निघते तशीच. दोन दिवस अर्ज घ्या. एका माणसाचं नाव एकाच अर्जात, घरातले सहा जण मिळून एक अर्ज. आयपीओसारखे पैसे खात्यातच अडकवा, नंबर नाही लागला तर मोकळे करा. स्मार्टफोन नसलेल्या आजी-आजोबांचा अर्ज स्टेशनच्या खिडकीवर घ्या. अर्ज किती, जागा किती, हे जाहीर करा. सेकंदांची शर्यतच संपली की बॉट काय करणार?

सोडतीने डबे वाढणार नाहीत, गाड्यांची मागणी चालूच ठेवावी लागेल. काहींना तरीही एसटीनेच जावं लागेल. पण निदान आपली जागा दलालाने पळवली नाही, एवढी तरी खात्री राहील.

आपल्या खासदारांनी एका गाडीपुरता तरी हा प्रयोग रेल्वेकडे मागावा. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर का ते कमेंटमध्ये नक्की लिहा.