साहित्याचा प्राध्यापक : पदवी आणि व्यासंग

बीड जिल्ह्यांतील एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांचा मुलगा मराठी घेऊन एम्. ए. झाला, नेट परीक्षाहि उत्तीर्ण झाला, आणि सध्यां एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवितो. आतां त्याला पीएच्. डी. करावयाची आहे. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, आणखी चारपांच वर्षें त्यांत घालविण्यापेक्षां बी. एड्. करून शाळा धरावी. तेव्हां ह्या पदवीस खरोखर किती मोल द्यावें?

प्रश्न पोटाचा आहे, म्हणून नियम आधीं सांगतों. विद्यापीठांच्या विभागांत सहायक प्राध्यापक होण्यास पीएच्. डी. असलीच पाहिजे, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं ठरविलें होतें. तें बंधन २०२१ पासून लागूं व्हावयाचें, तें लांबलें, आणि २०२३ च्या जुलैंत आयोगानें तें काढूनच टाकलें. नेट वा सेट ही किमान पात्रता पुरे झाली. चिरंजीवांस दार बंद नाहीं. मात्र दारापुढची रांग लांब आहे, आणि त्या रांगेंत पदवी उपयोगीं पडते हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पण पदवी म्हणजे व्यासंग नव्हे. मराठवाड्यांत साहित्याचा प्राध्यापक म्हटला कीं नरहर कुरुंदकरांचें नांव ओठांवर येतें. जन्म १९३२ सालचा, नांदापूरचा. शिकावयास ते हैदराबादेस मामांकडे राहिले. हे मामा म्हणजे उस्मानिया विद्यापीठांतील मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर. ज्या विद्यापीठाचें माध्यम उर्दू, तेथें त्यांनीं मराठी शिकविली. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांची तुलना हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अशा घरीं राहूनहि भाचा इंटरला नापास झाला! वाचन अफाट होतें. परीक्षेचें गणित तेवढें जमेना. पुढें नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेंत त्यांनीं शिक्षकी पत्करली, बी. ए., एम्. ए. मागाहून केलें, आणि तेथल्याच पीपल्स कॉलेजांत मराठीचे प्राध्यापक व अखेर प्राचार्य झाले. हें कॉलेज १९५० सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें निघालें. आणि स्वामीजी पूर्वीं आमच्या अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हांच्या मोमिनाबादेस, योगेश्वरी शाळेंत शिक्षक होते, हें ह्या जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको.

कुरुंदकरांस डॉक्टरेट नव्हती. 'रूपवेध' आणि 'धार आणि काठ' हीं पुस्तकें आज मराठीचे विद्यार्थी अभ्यासतात. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, संस्कृत शिकलों तें पाठशाळेंत. त्यामुळें त्यांनीं भरताच्या नाट्यशास्त्राचा जो ध्यास घेतला त्याचें आम्हांस विशेष अगत्य वाटतें. भरताचा रस मुळांत रंगभूमीवरचा. काव्याचे शास्त्रकार त्यास पुढें काव्यांत घेऊन गेले. एवढें ध्यानांत ठेवून शिकविलें तरी वर्गांतील निम्मा गोंधळ मिटतो. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस व्यासपीठावरच त्यांस मृत्यूनें गांठलें. वय पन्नासहि नव्हतें.

ह्यावरून पदवी टाकाऊ असा अर्थ कोणीं काढूं नये. मामांनीं पदवी मिळविली, भाच्यानें नाहीं. विषय मात्र दोघांनींहि पोटतिडकीनें निवडला. आजचे बहुतेक प्रबंध येथेंच फसतात. अमुक लेखकाच्या चार कादंबऱ्यांतील स्त्रीपात्रें, तमुक कवीचें निसर्गवर्णन : मार्गदर्शकास सोयीचें, विद्यार्थ्यास सोयीचें, आणि वाचणारा कोणी नाहीं.

बीडच्या मुलास विषयासाठीं दूर जाण्याचें कारण काय? मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनें शके १११० चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधींचा मानतात. समाधि अंबाजोगाईस दाखवितात. परंतु ग्रंथांतील अंबानगर तें हेंच, कीं विदर्भांतील वैनगंगेकांठचें आंभोरें, हा वाद अभ्यासकांत आहे. त्याच गांवीं दासोपंत झाले. त्यांनीं कागद सोडून सुमारें ४० फूट लांबीच्या कापडी पासोडीवर पंचीकरणाचा वेदान्त लिहिला. तिच्या अक्षराचा, भाषेचा, मांडणीचा अभ्यास करावयास पोथी वाचतां आली पाहिजे, थोडें संस्कृत पाहिजे, आणि सवड पाहिजे.

वाचकभगिनींस आमचें सांगणें एवढेंच कीं, चिरंजीवांस विषय कोणता घेतलास हें आधीं विचारावें. त्यांस उत्तर देतां आलें नाहीं, तर वडील मंडळींचें ऐकावें. पासोडीसारखें कांहीं सांगूं लागले व सांगतां सांगतां जेवण थंड झालें, तर घरानें त्यांच्या दोन वेळच्या अन्नाची चिंता तूर्त आपल्याकडे घ्यावी, आणि दीरांस आमचा हा मजकूर वाचून दाखवावा. बी. एड्. दोन वर्षांचें आहे. तें मागाहूनहि करतां येतें.