आजीचा गुलाल

आमची आजी डिसेंबरमध्ये गेली. वय ८६. तेराव्याला इंदूरच्या घरात माणसं मावत नव्हती. जो तो सांगत होता, "किती सोशिक बाई! कधी कुणाला वावगा शब्द बोलल्या नाहीत." माझा नऊ वर्षांचा भाचा हळूच कानाशी लागला, "मावशी, हे कुणाबद्दल बोलताहेत?"

मला हसू आवरेना. खरंच, ही आमची आजी नव्हतीच.

आमची आजी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडायची आणि त्याच्याच मुलाची फी भरायला डब्यातले पैसे काढून द्यायची. पोह्यांवर शेव कमी पडली की दुकानदाराची खैर नसे. थंडीत रात्री अकरा वाजता, सराफ्यातली सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याची दुकानं लागली, की दुखरे गुडघे विसरून गराडू खायला निघायची. वर मला दम, "डॉक्टरांना सांगू नकोस, नाहीतर तेही मागे येतील!" तिच्या हिंदीमिश्रित मराठीला पुण्याचे नातेवाईक हसले, तर म्हणायची, "तुमची मराठी पुस्तकातली, माझी राजवाड्यासमोरची."

आणि तिने माझ्या आईला खूप बोलून घेतलं, हेही खरं. एकदा वरण पातळ झालं म्हणून पाहुण्यांसमोर ऐकवलं. आई स्वयंपाकघरात रडली होती, मला आठवतं. आजीने कधी माफी मागितली नाही. पण दोन मुलांनंतर आईला बी.एड. करायचं होतं, तेव्हा घरात सगळ्यांनी नाकं मुरडली आणि आजीने पदर खोचला. आजोबांना म्हणाली, "ती शिकेल. तोवर माझ्या हातचं खा आणि गप्प बसा."

आजोबा गेले, त्यानंतरची रंगपंचमी मी विसरणार नाही. इंदूरात होळीपेक्षा रंगपंचमीचा थाट मोठा. गेर निघते, टँकरमधून रंगीत पाणी उडतं, राजवाड्यापर्यंत गुलालाचे ढग दिसतात. आम्ही मुलं आजीला चुकवून रंग खेळत होतो. ती गच्चीत येऊन उभी राहिली, "मला का रे कोरडं ठेवलंत?" शेजारच्या काकू कुजबुजल्या, "बरं दिसतं का हे?" आजीने तिथूनच उत्तर दिलं, "नवरा गेला, डोळे नाही गेले माझे. रंग दिसतात मला!" आणि माझ्यासमोर गाल पुढे केला.

यंदा रंगपंचमी आली ती सुनी सुनी. घरात कुणी गेलं की वर्षभर सण नाही, अशी आमच्याकडे रीत. रस्त्यावरून ढोलांचा आवाज येत होता. बाबा पेपर समोर धरून बसले होते, पान मात्र उलटत नव्हते. तेवढ्यात आई आतून ताटली घेऊन आली. तिने आजीच्या फोटोला चिमूटभर गुलाल लावला. "घ्या, आई," ती म्हणाली, "पहिला तुम्हाला. नाहीतर वर बसून बोलाल, हिला एवढंही जमलं नाही!"

म्हणता म्हणता ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. बाबांनी पेपर बाजूला ठेवून ताटलीत बोटं बुडवली.

त्या दुपारी आम्ही सगळे आजीबद्दल बोललो, खरंखुरं. पातळ वरणाचा किस्सा आईनेच सांगितला, आजीच्या आवाजाची नक्कल करून. तेव्हा वाटलं, तेराव्याला आपण तिला देवी करून टाकलं होतं. देवीला कोण हाक मारणार? दोष पुसले की माणूसही पुसलं जातं. तिचं सगळ्यात जास्त ऐकून घेतलेल्या सुनेनेच तिला जशीच्या तशी घरी परत आणलं.

तुमच्या घरात अशी खमकी आजी असेल, तर तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. लोणच्याची कृती तर ठेवाच, पण तिचं ओरडणंही ठेवा.

माझ्याकडे तिचा एकच व्हॉइस मेसेज उरलाय. ना आशीर्वाद, ना उपदेश. "फोन का उचलत नाहीस? कलेक्टर झालीस का?"

रोज एकदा ऐकते.